ठाण्याचं संगीत: मुलीला नेमकं काय ऐकवू?

घोडबंदरवाली: मुलीला शाळेत आपल्या जिल्ह्याच्या संगीतावर प्रोजेक्ट आहे, माझं सासर कोकणातलं, मला इथलं फारसं माहीत नाही. कुठून सुरुवात करू?

नौपाडाकर: पंडित राम मराठ्यांपासून करा. १९२४ ते १९८९, ख्याल आणि नाट्यसंगीत दोन्हीवर हुकूमत, आणि राहिले आपल्या ठाण्यात. 'मंदारमाला' नाटकाचं संगीत त्यांचंच, त्यात कामही केलं. त्यांच्या नावाचा महोत्सव महापालिका भरवते. हो, आणि पी. सावळाराम विसरू नका, गीतकार माणूस ठाण्याचा नगराध्यक्ष झाला!

ऐरोलीची आगरीण: ते सगळं बरोबर, पण ताई, आमचे धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, घ्याच. आगरी लग्नात धवलारीण असते, हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीला ती गाते, तिच्या गाण्यानेच विधी पुढे सरकतो. सगळं तोंडपाठ, आईकडून नाहीतर सासूकडून आलेलं. माझी आजी गायची, आम्ही कुणी रेकॉर्ड केलं नाही, त्याचं अजून वाईट वाटतं. आता हळदीला डीजेच असतो. गावात म्हातारी धवलारीण असेल तर मुलीला घेऊन जा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा.

नौपाडाकर: खरंय, हे आधी यायला हवं होतं.

डोंबिवलीकर: वारली आदिवासींचा तारपा, फुंकून वाजवायचं वाद्य, तो पण घ्या. वाळलेला दुधी, बांबू आणि ताडाचं पान, एवढ्यातून वाद्य बनतं, वाजवणारा मध्ये आणि भोवती कमरेला हात धरून नाचणारे. वारल्यांचा पालघर भाग २०१४ ला ठाण्यातून वेगळा जिल्हा झाला, तरी आपल्याकडे शहापूर-मुरबाडला आदिवासी पाडे आहेतच.

घोडबंदरवाली: आगरीण ताई, रविवारी तुमच्या गावात आलो तर चालेल का?