मदत हवी आहे: परदेशात मिशनच्या बालगृहात तान्ह्या मुलांच्या सेवेला जावं का?

नमस्कार. दहा दिवसांत होकार-नकार कळवायचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी सहा वर्षं बालवाडीत शिकवते. आमच्या मंडळीमार्फत, म्हणजे चर्चमार्फत, परदेशातल्या एका ख्रिस्ती मिशनच्या बालगृहात तीन महिने सेवेला जायचं ठरतंय. काम दोन वर्षांखालच्या मुलांच्या खोलीत: भरवणं, आंघोळ घालणं, झोपवणं. तिकिटाचे पैसे मंडळीने जमवलेत, पाळकसाहेबांनी उपासनेत माझ्यासाठी प्रार्थनाही केली. अनाथ आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घ्यावा, हे याकोबाच्या पत्रातलं १:२७ मला लहानपणापासून पाठ आहे. हे पाचारण आहे असंच मी धरून चालले होते.

अडलंय ते एका आठवणीपाशी. दोन वर्षांपूर्वी मी आठवडाभर दुसऱ्या एका बालगृहात गेले होते. गाडीतून उतरते तोच तीनेक वर्षांची एक मुलगी धावत आली आणि कडेवर चढली. आठवडाभर माझा हात सोडला नाही. निघताना मी रडले, ती नाही. आमची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत ती नव्याने आलेल्या गटातल्या एका बाईंच्या कडेवर होती. परत आल्यावर मी मंडळीत साक्ष दिली, म्हणजे सगळ्यांसमोर अनुभव सांगितला, "तिथली मुलं किती प्रेमळ!" माझ्या वर्गातली मुलं तर पहिल्या दिवशी मला बघून आईला घट्ट बिलगतात, आणि ते चांगलं लक्षण आहे हे मीच पालकांना समजावते. तिथे मात्र हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आता या मिशनच्या मुलाखतीत माझी साक्ष ऐकली आणि शुल्क कधी भरणार ते विचारलं. पोलिसांचा दाखला मागितला नाही. मुलांचे आईवडील कुठे असतात, असं मी विचारलं तर उत्तर आलं, "बऱ्याच जणांना आहेत, पण फार गरीब आहेत."

जावं का? गेलेच तर कोणतं काम मागून घ्यावं? आणि नाही म्हटलं तर मंडळीला काय सांगू?

प्रतिसाद १

ताई, मी चार वर्षं परदेशात मिशनबरोबर होतो, त्यातलं पहिलं वर्ष बालगृहातच. त्या मुलीची माया खोटी होती असं नाही. पण अनोळखी माणसाच्या कडेवर इतक्या सहज जाणं, हे मुलाला कायमचं असं एकही माणूस न मिळाल्याचं लक्षण असू शकतं. रोमानियात बुखारेस्टला २००० साली यावर अभ्यास सुरू झाला. संस्थांमधल्या १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठी टाकावी तसं निवडून पालक कुटुंबांत, म्हणजे दुसऱ्याचं मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, ठेवलं. दोन वर्षांची व्हायच्या आत जी घरात गेली, ती एका माणसाला आपलं मानायला जास्त चांगली शिकली. म्हणजे तुम्हाला दिलेली खोलीच सगळ्यात नाजूक आहे. तीन महिन्यांनी तुम्ही जाणार, मग दुसरी ताई येणार.

आणि "आहेत, पण गरीब आहेत" यावर थांबाच. संयुक्त राष्ट्रांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की निव्वळ गरिबीपायी मूल घरापासून तोडू नये, आणि तीन वर्षांखालच्या मुलांची सोय कुटुंबातच करावी. काही ठिकाणी तर देणग्या आणि पाहुणे येत राहावेत म्हणून मुलं गोळा केली जातात. अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेतून होणारं नुकसान रोखा, असं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या ठरावात देशांना सांगितलंय.

मिशनला लेखी विचारा: सरकारी नोंदणी आहे का, एका आयाकडे किती मुलं, गेल्या वर्षी किती मुलं घरी परतली, पाहुण्यांना मुलांबरोबर एकटं सोडता का. शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी वाचा.

प्रतिसाद २

मी थोडी वेगळी बाजू मांडते. मी गेले होते तिथे बारा बाळांमागे एकच आया होती. मी नसते तर बाटली तोंडाला लावून बाळ तसंच ठेवलं असतं. तत्त्वं खरी आहेत, पण त्या दिवशी भुकेलेलं बाळ समोर असतं. मात्र आज विचार करते तेव्हा वाटतं, माझ्या तिकिटाच्या पैशात त्याच गावातल्या बाईंना कितीतरी महिने कामाला ठेवता आलं असतं. त्या कायम राहिल्या असत्या.

प्रतिसाद ३

व्हिसाचंही बघा. बिनपगारी सेवा असली तरी पर्यटक व्हिसावर ती अनेक देशांत चालत नाही. "पर्यटक म्हणून या" असं मिशनच सांगत असेल तर सावध व्हा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. चारही प्रश्न पाठवले होते. घरी परतलेल्या मुलांबद्दल उत्तर आलं, "आम्ही मुलं परत पाठवत नाही, इथेच त्यांचं भलं आहे." ते वाचून रात्रभर डोळा लागला नाही. तिथे मी जाणार नाही.

पाळकसाहेबांना ते पत्र दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, रविवारी तूच उभी राहून सांग. मुलांना घरी किंवा पालक कुटुंबांत पोचवणारं, आयांना शिकवायला बालवाडीची बाई हवी असलेलं एखादं मिशन कोणाला माहीत असेल तर कळवा. पैसे तिकडे द्यायला मंडळी तयार होईल असं वाटतं.

एक मात्र अजून जमत नाहीये. त्या मुलीबद्दल मी मंडळीसमोर जी साक्ष दिली होती, ती मला त्याच जागी उभं राहून दुरुस्त करायची आहे. तुमच्यापैकी कोणी असं केलं असेल, तर सुरुवात कशी केलीत?