उणे १५ मध्ये ट्रॅव्हल ट्रेलर: हीटर लावावा की फर्नेसच? आणि पाण्याचं काय?

भटके_कॅलगरीकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेर कॅनडातल्या बॅन्फला टनेल माउंटन व्हिलेज २ या कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) लावून ५ रात्री राहायचं ठरतंय. जागेवर ३० अँपिअरची वीज आहे, पाण्याची जोडणी नाही. परतताना एक रात्र वीज नसलेल्या ठिकाणी काढायची आहे. ट्रेलर २४ फुटी, एक स्लाइड (बाहेर सरकणारा खोलीचा भाग), ताशी ३०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं एकक) फर्नेस, म्हणजे प्रोपेनवर चालणारी अंगभूत भट्टी, २० पौंडी प्रोपेनचे दोन सिलिंडर आणि १०० अँपिअर-अवरची एक साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी. माणसं चार: आम्ही दोघं आणि दोन मुलं. रात्री उणे १५ सेल्सियस धरून चाललोय, थंडीची लाट आली तर उणे ३०.

वीज भाड्यातच येते, तर १५०० वॉटचे दोन हीटर लावून गॅस वाचवावा असा विचार आहे. चालेल का? पाइप गोठू नयेत म्हणून काय करायचं? शिवाय साध्या गारठ्यातही सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळतं, त्यावर काही उपाय?

बारा_व्होल्ट

दोन हीटर चालणार नाहीत. ३० अँपिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३६०० वॉट. तासन्‌तास ओढायचे तर त्याच्या ८० टक्क्यांत, म्हणजे २९००च्या आत राहायचं. तुमचे हीटरच ३००० खातात, बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर आणि मायक्रोवेव्ह वेगळेच. त्यात ट्रेलरमधली बरीचशी सॉकेट एकाच १५ अँपिअरच्या ब्रेकरवर असतात आणि एक हीटर साडेबारा अँपिअर घेतो.

ब्रेकर पडला तर बरंच म्हणायचं. न पडता सॉकेट तापलं तर खरी पंचाईत. ट्रेलरच्या सॉकेटमध्ये वायर बहुधा स्क्रूने आवळलेली नसते, नुसती दाबून बसवलेली असते. रात्रभर पूर्ण भार गेला की नेमकी तिथेच गरम होते. हीटर एकच लावा, ७५० वॉटवर ठेवा, एक्स्टेन्शन वायर नको. तासाभराने प्लगला हात लावून बघा, कोमटपेक्षा जास्त लागला तर काढा.

आता उष्णतेचा हिशेब. १५०० वॉट म्हणजे ५१०० बीटीयू. तुमची फर्नेस ताशी ३०,००० जाळून त्यातले २४,००० च्या आसपास आत सोडते. म्हणजे पूर्ण ताकदीचा हीटरही तिच्या पाचव्या हिश्शाएवढाच.

पाइप गोठतात तेही बऱ्याचदा हीटरमुळेच. फर्नेसच्या डक्टमधली थोडी गरम हवा ट्रेलरच्या पोटात, टाक्या आणि पाइपांपाशी सोडलेली असते. हीटरने खोली २० अंशांवर ठेवली की थर्मोस्टॅट म्हणतो काम झालं, फर्नेस सुरूच होत नाही, आणि वर माणसं स्वेटर काढून बसलेली असताना खाली पाइपात बर्फ होतो. पाइपात पाणी असेल तर फर्नेसला दर तासाला काही मिनिटं तरी चालू द्यायलाच हवं.

वीज नसलेल्या रात्रीची मला जास्त काळजी वाटते. फर्नेसचा पंखा १२ व्होल्टवर चालतो, साधारण ८ अँपिअर. १२ तासांच्या रात्रीत निम्मा वेळ चालला तर ४८ अँपिअर-अवर. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे हाताशी ५०, आणि उणे १५ला तेवढेही मिळत नाहीत. दिवे आणि पाण्याचा पंप धरलेला नाही. दुसरी बॅटरी जोडा किंवा ती रात्र वीज असलेल्या जागीच काढा. गाडीच्या ७ पिनी प्लगमधून प्रवासात होणाऱ्या चार्जिंगवर भिस्त ठेवू नका, लांबच्या बारीक वायरीतून फार थोडा करंट पोचतो. लिथियम घेणार असाल तर शून्याखाली ती चार्ज करायची नसते, म्हणून बॅटरी ट्रेलरच्या आत हवी किंवा स्वतःला गरम करणारी हवी.

चिनूक

वरचं सगळं बरोबर, पण पाइपांची चर्चा या सहलीसाठी गैरलागू आहे. ५ रात्रींसाठी नळांत पाणी घालूच नका. ट्रेलर हिवाळ्यासाठी बंद करून ठेवतो तसाच ठेवा: वॉटर हीटर रिकामा आणि बायपासवर (पाइपांतलं द्रव त्यात शिरणार नाही असा), पाइपांत गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ, म्हणजे ट्रेलरसाठीचं न गोठणारं द्रव. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी २० लिटरच्या दोन कॅनमध्ये भरून आत ठेवा, खोलीच्या मधोमध. बाहेरच्या भिंतीला टेकलेला कॅन रात्री गोठतो. आंघोळीला कॅम्पग्राउंडच्या इमारतीत जा.

संडासात फ्लशऐवजी मगाने अँटिफ्रीझ ओता. निघण्यापूर्वी मैलाटाकीत ४ लिटर आणि सांडपाण्याच्या टाकीत ४ लिटर टाकून ठेवा. भांडी घासून झाली की सिंकमध्ये अर्धा कप, म्हणजे खालच्या वाकड्या पाइपात बर्फ धरत नाही. गुलाबी म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉलचं. गाडीच्या रेडिएटरमधलं हिरवं कधीच नाही, ते इथिलीन ग्लायकॉल असतं आणि विषारी आहे. दोन्ही टाक्यांचे व्हॉल्व्ह बंदच ठेवा. सांडपाण्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला तर थेंबथेंब पाणी होजमध्ये उतरून तिथेच गोठतं, आणि व्हॉल्व्हचं पातं बर्फात अडकतं.

एकदा पाइपांत पाणी नसलं की हीटरमुळे पाइप गोठण्याचा आक्षेपही उरत नाही. दिवसा हीटर आणि लागेल तेवढीच फर्नेस, रात्री मुख्यतः फर्नेस, असं वाटून घ्या.

गॅस: २० पौंडी सिलिंडरमध्ये साधारण ४,३०,००० बीटीयू. तुमची फर्नेस सलग चालली तर १४ तास, निम्मा वेळ चालली तर २८ तास. दोन भरल्या सिलिंडरांवर ५ रात्री निघणार नाहीत. तिसरा सोबत घ्या आणि एकदा गावात जाऊन भरून आणायची तयारी ठेवा.

भारतातल्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्युटेनही असतो, तो शून्याच्या आसपास द्रवच राहतो. इथला प्रोपेन उणे ४२ पर्यंत उकळतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण किती वेगाने उकळतो हा प्रश्न वेगळा. गॅस बनायला लागणारी उष्णता बाहेरच्या हवेतून सिलिंडरच्या पत्र्यामार्फत आतल्या द्रवाला मिळते. आत द्रव कमी उरला की उष्णता घेणारा पत्राही कमी. उणे ३०ला अर्ध्याखालचा २० पौंडी सिलिंडर एवढी फर्नेस सलग पोसू शकत नाही. गॅस शिल्लक असतो, पण दाब पडतो आणि ज्योत विझते. म्हणून सगळ्यात थंड रात्रीसाठी भरलेला सिलिंडर राखून ठेवा, अर्धवट झालेले दिवसा वापरा. त्या रात्री ७५० वॉटचा हीटरही चालू ठेवा, म्हणजे फर्नेसला उसंत मिळते.

ओल_नको_बाई

खिडक्यांच्या पाण्याबद्दल. १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ लिटर पाणी तयार होतं. फर्नेसचा धूर बाहेर जातो, त्यामुळे तिचं पाणीही बाहेर. गॅसच्या शेगडीचं मात्र सगळं आतच राहतं. तेच धुराडं नसलेल्या छोट्या प्रोपेन हीटरचं. भर म्हणून चौघांचा श्वास, ओली जॅकेटं आणि कुकरच्या शिट्ट्या.

छताचा एक व्हेंट दोन-तीन सेंटिमीटर उघडा आणि दूरची एक खिडकी बोटभर, रात्रभर. उष्णता वाया जाते असं वाटेल, पण बाहेरची उणे १५ची हवा अत्यंत कोरडी असते आणि आत येऊन तापली की ओल शोषते. भात-वरण इलेक्ट्रिक कुकरमध्ये करा, तेवढा वेळ खोलीचा हीटर बंद. साधा आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, आतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा. थंडीच्या लाटेत त्याहून कमी.

खिडक्यांना आतून ड्रायरने ताणायची प्लॅस्टिक फिल्म लावा, चारी कडा नीट चिकटवून. चंदेरी बबल-फॉइल नुसतं टेकवून ठेवलं तर मागे दमट हवा शिरते आणि काचेवर बर्फाचा थर चढतो. आपत्कालीन खिडकी मात्र फिल्म लावून बंद करू नका. फॉइलचा तुकडा असा बसवा की एका झटक्यात निघेल. वापरात नसलेल्या व्हेंटमध्ये १४ इंची फोमची उशी बसते.

गाद्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. गादी आणि प्लायवूड यांच्यामध्ये हवा खेळेल अशी जाळीदार चटई घाला, नाहीतर आठवड्यात खालून बुरशी. कपाटांची दारं रात्री किलकिली ठेवा.

आणि शेगडी पेटवून खोली तापवायची नाही, कितीही थंडी पडली तरी. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मच्या मागे मुदत छापलेली असते, ती बघा. मुदत संपली असेल तर नवीन लावा. गॅसगळतीचा अलार्म जमिनीलगत असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड. त्याच्यासमोर सामान रचू नका.

भटके_कॅलगरीकर

सगळ्यांचे आभार. पाणी घालायचंच नाही हे पटलं, आणि ती एक रात्रही वीज असलेल्या जागी हलवतो. ट्रेलरभोवती जमिनीपर्यंत फोमचं स्कर्टिंग (वारा अडवणारं कुंपण) लावावं का? आणि फर्नेसचा पंखा फिरतो पण कधीकधी ज्योत पेटतच नाही, तेवढं सांगा.

चिनूक

पाच रात्रींसाठी स्कर्टिंग करू नका, मेहनत वाया. पूर्ण हिवाळा राहणाऱ्यांसाठी: २ इंची एक्सपीएस (कडक इन्सुलेशनच्या) फोमचा ४ बाय ८ फुटी बोर्ड लांबीत चिरला की २ फूट उंचीची १६ फूट पट्टी मिळते. २४ फुटी ट्रेलरचा घेर सुमारे ६४ फूट, म्हणजे चार बोर्ड, कापाकापीसाठी एक जादा. फॉइल टेप गारठ्यात चिकटत नाही, काम शून्याच्या वर असताना उरका. सिलिंडर स्कर्टिंगच्या बाहेरच राहू द्या.

बारा_व्होल्ट

फर्नेसचा क्रम असा: थर्मोस्टॅटची मागणी, पंखा सुरू, मग हवेच्या झोताने एक हलकं पातं ढकललं जातं. तो सेल स्विच. तो जुळला तरच पुढे १५-३० सेकंद जुनी हवा बाहेर जाते, मग गॅस सुटतो आणि ठिणगी पडते. पंखा फिरतो पण टकटक ऐकू येत नाही, तर झोत कमी पडतोय. आधी मीटरने बॅटरी बघा, पंखा चालू असताना साडेदहा व्होल्टच्या खाली गेली तर कारण तेच. व्होल्टेज ठीक असेल तर परत येणाऱ्या हवेची जाळी आणि ते पातं तपासा, केस आणि धूळ अडकते. टकटक होते पण पेटत नाही, तर गॅसकडे बघा: आधी शेगडी पेटवून नळीतली हवा काढा, मग फर्नेस लावा. पेटून लगेच विझत असेल तर ज्योत ओळखणारी तार ठिणगीजवळ नीट आहे का, ते बघावं लागेल.

तीनदा प्रयत्न फसले की बोर्ड स्वतःला कुलूप लावून घेतो. थर्मोस्टॅट बंद करून दोन मिनिटांनी पुन्हा लावा. हे सगळं निघण्याच्या आठवडाभर आधी घरासमोरच तपासा, आणि बॅन्फला रोज सकाळी फर्नेसच्या बाहेरच्या जाळीसमोरचा बर्फ फावड्याने हटवा.