संघ चांगला असणं पुरत नाही

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये मैदानावर जिंकणाऱ्या विद्यापीठाला मोठ्या कॉन्फरन्सचं (एकत्र खेळणाऱ्या आणि टीव्हीचे पैसे वाटून घेणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचं) बोलावणं येतंच, असं म्हणतात. नाही पटत. ओरेगन स्टेटने 2022 च्या हंगामात 10 सामने जिंकले, लास वेगास बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात फ्लोरिडा विद्यापीठाला 30-3 असं धुतलं. आपल्या रेसर स्टेडियमची पश्चिमेकडची अख्खी बाजू पाडून नवी बांधली. तरी 2023 मध्ये त्यांची कॉन्फरन्स पॅक-12 फुटली तेव्हा त्यांना कुठल्याही मोठ्या कॉन्फरन्सने विचारलं नाही. त्यांचं कॉरव्हॅलिस पडलं छोटं गाव, टीव्हीला तिथे प्रेक्षक कमी.

उलट डॅलसच्या एसएमयू या खासगी विद्यापीठाने एसीसी या मोठ्या कॉन्फरन्सच्या टीव्हीच्या पैशातला वाटा 9 वर्षं सोडायची तयारी दाखवली आणि जागा मिळवली. ती तूट भरायला त्यांच्या देणगीदारांनी आठवड्याभरात 10 कोटी डॉलर उभे केले! ओरेगन स्टेटसारख्या सरकारी विद्यापीठाने एवढे पैसे आणायचे कुठून? फार वाईट वाटतं त्या खेळाडूंसाठी.