सेन्सरवाली पट्टी आली म्हणून जखम बघायचीच नाही?

रुपेरी_सुई: काल इथेच एकाने लिहिलं, हायड्रोजेलची (पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ जेलची) सेन्सरवाली पट्टी आली की ड्रेसिंग सोडून जखम बघणं संपलं, मोबाइलच सगळं सांगेल. चिघळलेली जखम कधी जवळून पाहिलीय का या माणसाने? आमच्या हाताखालून रोज जातात. पट्टी मोजते तो पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा: निरोगी त्वचेचा ५ च्या आसपास, रेंगाळलेल्या जखमेचा ७ च्या वर, हे मान्य. पण जखम नुकतीच कशाने धुतली यावरही आकडा हलतो. जेल स्राव पिऊन फुगलं की रीडिंग सरकतं, इलेक्ट्रोडवर प्रथिनांचा थर बसतो ते वेगळंच. आणि कडा आतून पोखरल्यात का, तळाशी हाड लागतंय का, हे प्रोब (बोथट सळई) घातल्याशिवाय कळत नाही.

जेलवाला: ताई, एकट्या पीएचवर कोण विसंबतंय? तापमान, इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा), यूरिक आम्ल असं मिळून बघायचं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०२२ मध्ये दाखवलेली बिनतारी पट्टी तापमान आणि इम्पीडन्स मोजते, वर विद्युत उत्तेजनही देते. तिचं जेल ४० अंशांपर्यंत तापवलं की अलगद सुटतं. तुमचं वाळलेलं गॉज ओढताना पेशंट काय बोलतो, ते लिहू का इथे?

खपलीप्रेमी: एवढा उपद्व्याप कशाला? जखमेला हवा लागू द्या, खपली धरते. आमच्या घरात सगळ्यांच्या अशाच बऱ्या झाल्या.

रुपेरी_सुई: अहो, खपली नव्या पेशींची वाट अडवते! संशोधक जॉर्ज विंटरने १९६२ मध्येच डुकरांवर दाखवलं, झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर त्वचा साधारण दुप्पट वेगाने धरते.

खपलीप्रेमी: डुकरांवर ना? मी डुक्कर नाही.

जेलवाला: दुर्दैवाने कातडी बरीच सारखी असते.

रुपेरी_सुई: बरं आठवलं. तुमच्या स्टॅनफर्डने जखमा भरून दाखवल्या त्या उंदरांच्या. उंदराची जखम मुख्यतः आकसून मिटते, आपली नाही. हे सांगायचं सोयीस्कर राहिलं वाटतं?

खपलीप्रेमी: वैयक्तिक टीका थांबवा. माझ्या टाचेवर ओली पट्टी लावली होती, खालची कातडी पांढरीफटक होऊन सालपटं निघाली. हे तुमचं विज्ञान!

रुपेरी_सुई: ओलसर म्हणजे चिंब नव्हे. पट्टी वेळेवर बदलली नाही कुणी.

जेलवाला: आणि बदलायची वेळ झाली हे कळायला ओल मोजणारा सेन्सर हवा होता. धन्यवाद, ताई.

मागचा_बाक: तुमची डुकरं-उंदरं चालू द्या. वडिलांना डायबेटिस, तळव्याला जखम, वजन पडू नये म्हणून पाय प्लास्टरमध्ये. संवेदना गेलेली, त्यामुळे दुखलं नाही, ते काही बोलले नाहीत. प्लास्टर कापलं तेव्हा आधी वास आला, मग हिरवट झालेला कापूस दिसला. दोन बोटं काढावी लागली. आत नुसतं तापमान मोजणारं काही असतं तरी आम्ही लवकर पळालो असतो.

रुपेरी_सुई: प्लास्टरखाली लावा, तिथे माझी हरकत नाही. डोळा पोचतच नाही तिथे. पण आकडा चढल्यावर प्लास्टर कापायला माणूसच लागणार.

जेलवाला: म्हणजे सेन्सर चालतो. स्क्रीनशॉट घेतलाय.

रुपेरी_सुई: आधी वाहत्या जखमेवर आठवडाभर न भरकटता चालवून दाखवा, मग फ्रेम करा.

खपलीप्रेमी: आणि प्लास्टर नसेल तर हवा.