शब्दचर्चा : ‘तप्त गुरू’ की ‘उष्ण गुरू’?

प्रश्न : ‘हॉट ज्युपिटर’साठी (म्हणजे आपल्या ताऱ्याच्या अगदी जवळून फिरणाऱ्या, गुरूसारख्या महाकाय वायुग्रहासाठी) ‘उष्ण गुरू’ आणि ‘तप्त गुरू’ दोन्ही वाचायला मिळतात. कोणता घ्यावा? आणि ‘५१ पेगासी बी हा ग्रह गुरूच्या ०.४७ पट आहे’ हे वाक्य चालेल का?

– ‘तप्त’ घ्या. तप्त म्हणजे तापलेला, आणि हे ग्रह ताऱ्याच्या आचेनेच तापतात. ‘उष्ण’ हवामानाला, प्रकृतीला ठीक. इथे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या घरात किंवा त्याहून जास्त असतं. आपला गुरू सूर्यापासून ५.२ खगोलीय एककं (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) दूर, एका फेरीला जवळजवळ १२ वर्षं. ५१ पेगासी बी हा तप्त गुरू त्याच्या ताऱ्यापासून फक्त ०.०५ एककावर, म्हणजे साधारण ७५ लाख किलोमीटरवर, आणि फेरी ४.२३ दिवसांत. शुद्धलेखनाचं म्हणाल तर सुटा ‘गुरू’ दीर्घ, समासात आधी आला की ऱ्हस्व : गुरुसदृश.

– वाक्य मात्र बदला. ०.४७ पट काय? आकार की वस्तुमान? मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी १९९५ मध्ये हा ग्रह शोधला तो ताऱ्याच्या डोलण्यावरून (ग्रहाच्या ओढीने तारा किंचित मागेपुढे होतो). त्या मोजणीत कक्षा आपल्या नजरेच्या रेषेला किती कललेली आहे ते कळत नाही, म्हणून हाती येतं ते किमान वस्तुमान. ‘किमान वस्तुमान गुरूच्या ०.४७ पट’ असंच लिहा. नुसतं ‘गुरूएवढा’ तर टाळाच, कारण हे ग्रह फुगलेले असतात. एचडी २०९४५८ बी हा दुसरा तप्त गुरू पाहा : वस्तुमान गुरूच्या सुमारे ०.७ पट, त्रिज्या मात्र जवळपास १.४ पट. घनता गुरूच्या पावपटीच्या आसपास!

– त्याच ग्रहाबद्दल लिहिताना ‘ट्रान्झिट’ला (ग्रह ताऱ्यासमोरून जाण्याला) ‘संक्रमण’ म्हणू नका. संक्रमण म्हणजे सूर्याचा राशिप्रवेश, शिवाय रोगाचा संसर्गही. शुक्राचं होतं तेच इथेही : अधिक्रमण. १९९९ मध्ये या ग्रहाचं अधिक्रमण टिपलं गेलं, ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने उतरला.

प्रश्नकर्ता : आभार. एक्सोप्लॅनेटला ‘बाह्यग्रह’ म्हणावं का?

– माझ्या मते नको. मंगळ, गुरू, शनी यांना आपल्याकडे बहिर्ग्रह म्हणतात, त्यामुळे ‘बाह्यग्रह’ वाचला की वाचक तिकडेच वळतो. पहिल्या उल्लेखात ‘सूर्यमालेबाहेरचा ग्रह’ लिहा, पुढे नुसतं ‘ग्रह’ पुरतं.