मुलींचं कॉलेज: मुंबईत आज त्याची गरज उरली आहे का?

चाफा

बारावीचा निकाल लागला की मुंबईतल्या अनेक घरांत हा वाद होतो. मुलीला मुलींच्या कॉलेजात घालायचं की मिश्र? बाजूने बोलणारे बहुतेक वेळा 'सुरक्षित असतं' एवढंच सांगतात. तो मुद्दा मला लंगडा वाटतो. खरं कारण वेगळं आहे: तिथे सगळी कामं मुलींनाच करावी लागतात.

इलेक्ट्रॉनिक्सचं प्रॅक्टिकल घ्या. वीसेक जणांची बॅच, चौघांत एक सेट. गटात दोन मुलगे आणि दोन मुली असतील तर पहिल्या दहा मिनिटांत कामं वाटली जातात. ब्रेडबोर्डवरची (सर्किट जुळवायच्या पट्टीवरची) जोडणी मुलगे करतात, सीआरओची, म्हणजे विद्युत लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची बटणंही त्यांच्याच हातात. 'तुझं अक्षर चांगलं आहे' म्हणून रीडिंग लिहायचं काम मुलीकडे. कुणी जबरदस्ती करत नाही, भांडण होत नाही, त्यामुळे ते शिक्षकांच्याही ध्यानात येत नाही. वर्षाच्या शेवटी तिचं जर्नल सगळ्यांत देखणं असतं आणि तोंडी परीक्षेत 'पडद्यावरची लाट स्थिर का होत नाही?' एवढं विचारलं की ती अडते. लाट स्थिर करणारं ट्रिगरचं बटण तिने कधी फिरवलेलंच नसतं. चौघीही मुली असल्या तर वायर सोलायला कुणीतरी पुढे व्हावंच लागतं.

गॅदरिंगचंही तेच. मिश्र कॉलेजात मुलींच्या वाट्याला रांगोळी, स्वागत आणि सूत्रसंचालन. साउंडवाल्याशी घासाघीस, प्रायोजकांकडे चकरा, जनरेटरची सोय, बिलं आणि शेवटचा हिशोब हे सगळं मुलग्यांकडे. खरं शिक्षण या दुसऱ्या यादीत आहे. मुलींच्या कॉलेजात ही यादी कुणावर ढकलता येत नाही.

तुमचं मत काय? मुद्देसूद विरोधही चालेल.

कुर्ला_लोकल

विरोधच करतो. मुलींचं कॉलेज म्हणजे लेडीज डबा. गर्दीत आधार आहे, मान्य. पण डब्यातून उतरल्यावर फलाट सगळ्यांचाच असतो. तीन वर्षं फक्त मुलींच्या गटात काम केलेली मुलगी नोकरीच्या पहिल्या दिवशी दहा पुरुषांच्या मीटिंगमध्ये बसते, आणि तिथे बोलणं मध्येच तोडणाऱ्याला थांबवायचं कसं, याचा सराव तिला मिळालेला नसतो. तो सराव कॉलेजातच व्हायला हवा, कारण तिथे चुकलं तर पगारवाढ अडकत नाही.

दुसरं म्हणजे, वेगळी कॉलेजं काढणं हा एकच मार्ग नाही. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य जागा ठेवल्या, म्हणजे आधीच्या जागा कमी न करता वाढवलेल्या. २०१८ मध्ये उद्दिष्ट १४ टक्के होतं, २०१९ मध्ये १७ आणि २०२० मध्ये २० टक्के. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) प्रवेशांतही मुलींसाठी ३० टक्के जागा आहेत. वर्गात मुली पुरेशा असल्या की गटही त्यांचे होतात आणि कामंही. वाटणी बिघडते म्हणून घरच वेगळं करायचं?

अबोली

कुर्ला_लोकल, डब्याची उपमा घेतलीत तर पुरी घ्या. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली. बायकांना पुरुषांसोबत वावरायचा सराव नव्हता म्हणून ती सुरू झाली नाही. गर्दीच्या वेळी त्यांना गाडीत चढताच येत नव्हतं. कित्येक मुलींसाठी कॉलेजचंही तसंच आहे. मुंब्रा, गोवंडी, मालवणी अशा वस्त्यांतल्या घरांत निवड मिश्र कॉलेज की मुलींचं, अशी नसतेच. मुलींचं कॉलेज की लग्न, अशी असते. त्या मुलीला तुम्ही फलाटाच्या गोष्टी सांगताय, पण ती अजून जिन्यावरच अडकली आहे.

तरी चाफाताई, तुमचंही सगळं पटलं नाही. ज्या पालकांच्या परवानगीवर ही कॉलेजं भरतात त्यांना खूश ठेवायला बरीच कॉलेजं स्वतःच पालक होऊन बसतात. लेक्चर संपल्याशिवाय फाटकाबाहेर सोडायचं नाही, ओढणी हवी, हॉस्टेलला संध्याकाळी सातच्या आत हजेरी. सातला आत यायचं असेल तर साडेपाचच्या सेमिनारला ती जाणार कशी? प्रायोजकांकडे चकरा कधी मारणार? अशा ठिकाणी तुमची ती दुसरी यादी कागदावरच राहते.

आणि 'सुरक्षित' या शब्दावर तर कुणीच विसंबू नये. मुलींच्या कॉलेजातही पुरुष शिक्षक, शिपाई, ठेकेदाराची माणसं असतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१५ चे नियम तिथेही तसेच लागू आहेत. तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री हवी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात, एक सदस्य बाहेरची हवी आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर निवडून आलेल्या तीन विद्यार्थी सदस्य. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची, चौकशी ९० दिवसांत पुरी करायची. 'आपल्याकडे सगळ्या मुलीच आहेत, इथे काय होणार' या समजुतीपायी समिती नुसती फलकावर राहते. नावं जुनी, बाहेरची सदस्य कधी फिरकलेली नाही, विद्यार्थिनींची निवडणूक झालेलीच नाही. मग तक्रार येते तेव्हा समिती बसवण्यातच महिना जातो.

त्रिज्या

भावना बाजूला ठेवून पुरावा बघू. २०१४ मध्ये पाल्के, हाइड आणि ॲलिसन यांनी २१ देशांतले १८४ अभ्यास एकत्र करून तपासले. ज्या अभ्यासांत विद्यार्थ्यांची आर्थिक स्थिती, आधीचे गुण वगैरे नीट धरले होते, त्यांत फक्त मुलींच्या शाळांचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला. आधी दिसत होता तो निवडीचा परिणाम होता. चांगल्या घरातल्या मुली नावाजलेल्या कॉन्व्हेंटमध्ये जातात, गुण चांगले मिळवतात आणि श्रेय शाळेला जातं.

पाटीपेन्सिल

त्रिज्या, तो अभ्यास मोठा आणि चांगला आहे, पण शाळांचा आहे. कॉलेजचा निष्कर्ष त्यातून ओढून काढता येत नाही. निवडीचाच प्रश्न असेल तर दक्षिण कोरियातल्या सोलचं उदाहरण जास्त कामाचं. तिथे विद्यार्थ्यांना आपापल्या विभागातल्या हायस्कुलांत चिठ्ठ्या टाकून पाठवत. निवड नशिबाची, म्हणून तुलना स्वच्छ. २०१३ मध्ये आलेल्या अभ्यासात एकलिंगी शाळांतल्या मुलींचे कॉलेज प्रवेश परीक्षेतले गुण सरस निघाले. पण मुलग्यांचेही! म्हणजे 'मुली आत्मविश्वासाने फुलतात' एवढ्यावर ते भागत नाही. माझ्या मते यातून शाळा कशी चालवली जाते याकडे बघायला हवं.

आता मुंबईबद्दल. या धाग्यावर सगळे 'मुलींचं कॉलेज' असं एका दमात म्हणताहेत, पण इथे दोन प्रकारची कॉलेजं आहेत आणि फॉर्म भरताना हीच गफलत होते. एक, मुंबई विद्यापीठाशी जोडलेली, उदाहरणार्थ भुलाभाई देसाई रोडवरचं सोफिया, मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालय. इथे विद्यापीठ मिश्र, कॉलेज मुलींचं. दुसरी, एसएनडीटी महिला विद्यापीठाची: चर्चगेट आणि जुहूचे विद्यापीठाचे स्वतःचे परिसर, शिवाय माटुंग्याचं एम. एम. पी. शहा, घाटकोपरचं पी. एन. दोशी यांच्यासारखी संलग्न कॉलेजं. इथे विद्यापीठच महिलांचं. 'एसएनडीटीची पदवी चालत नाही' ही अफवा अजून ऐकू येते. ती साफ खोटी आहे. १९५१ पासून ते कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ आहे. यूपीएससी, एमपीएससी, बँका, कुठल्याही विद्यापीठाची पदव्युत्तर प्रवेश प्रक्रिया, सगळीकडे पदवी चालते.

इतिहासाबद्दलही एक गैरसमज आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ (आजचं एसएनडीटी) काढलं ते मुंबई विद्यापीठात मुलींना बंदी होती म्हणून नाही. कॉर्नेलिया सोराबजी १८८० च्या दशकातच तिथून पदवीधर झाल्या होत्या. जपानमधल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचून कर्व्यांनी वेगळा विचार केला: शिक्षण मातृभाषेतून द्यायचं आणि अभ्यासक्रम स्वतंत्र आखायचा. पहिल्या वर्गात पाचच मुली होत्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली, १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला आलं. म्हणजे मुलींचं कॉलेज पहिल्यापासून नुसती आडोशाची जागा नव्हतं. काय शिकवायचं हे नव्याने ठरवण्याची ती जागा होती. १९७४ मध्ये नीरा देसाईंनी देशातलं पहिलं स्त्री-अभ्यास केंद्र एसएनडीटीतच उभं केलं, तेही याच परंपरेतलं. मिश्र विद्यापीठांना तो विषय सुचायला पुढे बरीच वर्षं लागली.

कुर्ला_लोकल

तोच स्वतंत्र अभ्यासक्रम पुढे गृहविज्ञान झाला ना? मुलींना संसार शिकवा!

पाटीपेन्सिल

नाव तसं आहे, आत डोकावून बघा. आहारशास्त्राच्या वर्गात जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मूत्रपिंडाच्या रुग्णाला प्रथिनं किती ग्रॅम द्यायची याचं गणित. रजिस्टर्ड डायटिशियनच्या परीक्षेला बसायचं तर सहा महिने रुग्णालयात इंटर्नशिप लागते. वस्त्रशास्त्रात धाग्याची ताकद मोजतात, रंग धुण्यात किती उतरतो ते तपासतात. याला संसार म्हणणं अन्यायाचं आहे. तुमचा आक्षेप दुसरीकडे बरोबर आहे: कला-वाणिज्यच्या लहान कॉलेजांत विज्ञान शाखाच नसते, आणि ज्या मुलीला घरून तेवढ्याच कॉलेजची परवानगी आहे तिचा विषय कॉलेजच ठरवून टाकतं. हे नुकसान मोठं आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही.

त्रिज्या

प्लेसमेंटचं काय? शंभर-दीडशे मुलींच्या कॉलेजात कंपन्या येत नाहीत.

अबोली

लहान मिश्र कॉलेजातही येत नाहीत. कंपनीला एका दिवसात पुरेसे उमेदवार दिसले पाहिजेत, तिचा हिशोब तेवढाच. उपाय म्हणजे जवळच्या चार-पाच कॉलेजांनी मिळून पूल कॅम्पस घेणं. मुलींच्या कॉलेजांचं इथेच अडतं, कारण काही संस्था आपल्या मुलींना दुसऱ्या कॉलेजात मुलाखतीला पाठवायलाच तयार नसतात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात ओजेटी (ऑन-द-जॉब ट्रेनिंग) आहे, चार क्रेडिट म्हणजे साधारण १२० तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी. ती खरीखुरी ऑफिसात, कारखान्यात, रुग्णालयात झाली तर कुर्ला_लोकल म्हणतात तो सराव तिथेच होतो. कॉलेजच्याच कार्यालयात फायली लावून तास भरून घेतले तर सही मिळते, सराव नाही. प्रवेशाआधी मागच्या बॅचच्या मुली ओजेटीला कुठे गेल्या होत्या, हा एक प्रश्न जरूर विचारावा.

फीबद्दलही सांगते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. कॉलेज मिश्र असो की मुलींचं. अट अशी की प्रवेश कॅपमधूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर माफी नाही, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांतही नाही. हॉस्टेल आणि विकास शुल्क भरावंच लागतं. त्यामुळे 'मुलींचं स्वस्त पडतं' म्हणून इंजिनिअरिंगला तिथे घालणाऱ्यांनी आकडेमोड पुन्हा करावी.

चाफा

अबोली, फाटकाचा मुद्दा मी पूर्ण मान्य करते. पाटीपेन्सिल, विषयांचाही. कुर्ला_लोकल, मुलींची संख्या वाढली की कामं आपोआप वाटली जातील हे मात्र मला पटत नाही. दोन मुलगे आणि दोन मुली म्हणजे निम्म्या मुली झाल्या की! त्याच गटात जर्नल मुलीकडे जातं. मिश्र कॉलेजांना खरंच बदलायचं असेल तर प्रयोगशाळेत कामांचा तक्ता लावा. चार कामं: जोडणी, उपकरण हाताळणं, रीडिंग लिहिणं, हिशोब आणि आलेख. सत्राला बारा प्रॅक्टिकल धरली तर चौघांपैकी प्रत्येकाला प्रत्येक काम तीनदा. आज कुणी काय केलं ते जर्नलच्या पानावर वर लिहायचं आणि शिक्षकांनी ते बघूनच सही करायची. असा तक्ता नेमाने चालवणारं मिश्र कॉलेज दाखवा, मी त्याची शिफारस करेन.

कुर्ला_लोकल

तक्ता मंजूर. पण तो मुलींच्या कॉलेजातही लागेल, चाफा. चौघी मुलींच्या गटातही एखादी धीट असते. पक्कड तिच्या हातात जाते आणि बाकीच्या तिघी वह्या धरून उभ्या राहतात.

चाफा

हो, राहतात. तिथेही लावायचा.