वेबसाइट करून देणाऱ्याने स्वतःचे होस्टिंग सुरू करावे का?

सांगलीचा_वेबवाला (प्रश्न)

नमस्कार. मी सांगलीत राहून शाळा, पतसंस्था, द्राक्ष बागायतदार आणि लहान दुकानदार यांना वर्डप्रेसवर संकेतस्थळे करून देतो. होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळ ठेवण्यासाठी सर्व्हरवरची भाड्याची जागा, प्रत्येकाने आपापल्या सोयीने कुठून तरी घेतलेले असते. त्याची मुदत कधी संपते हे कोणाच्याच ध्यानात राहत नाही आणि संकेतस्थळ बंद पडले की फोन मात्र मलाच येतो. तेव्हा ही सेवा आपणच का देऊ नये, असा विचार बरेच दिवस डोक्यात आहे. लिनक्स मला जुजबी येते. सर्व्हर सांभाळण्याचा अनुभव नाही.

रिसेलर खाते (मोठ्या कंपनीची जागा घाऊक घेऊन आपल्या ग्राहकांना वाटून देण्याचे) घ्यावे की थेट व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र आभासी सर्व्हर)? मोठ्या कंपन्या महिन्याला शंभर-दीडशे रुपयांत जागा देत असताना माझ्याकडे कोणी का यावे? आणि कर व कायद्याच्या दृष्टीने कोणती तजवीज आधी करून ठेवावी? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रॅकवाला_ऐरोली

दराचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. दरात तुम्ही त्यांच्याशी बरोबरी करू शकणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. जाहिरातीतला तो दर बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकरकमी भरणाऱ्यासाठी आणि पहिल्या मुदतीपुरताच असतो. नूतनीकरणाच्या वेळी आकडा किती चढतो, हे तुमच्या ग्राहकांना विचारून पाहा. शाळेच्या मुख्याध्यापकांना किती जीबी जागा मिळते याच्याशी काही देणेघेणे नसते. प्रवेशाच्या दिवसांत संकेतस्थळ उघडले नाही, तर फोन उचलून मराठीत उत्तर देणारा कोणी आहे का, एवढेच त्यांना हवे असते. म्हणून होस्टिंग सुटे विकू नका. होस्टिंग, डोमेनचे (संकेतस्थळाच्या नावाचे) नूतनीकरण, वर्डप्रेस व प्लगिनांची अद्यतने आणि बॅकअप हे सगळे मिळून वार्षिक देखभालीचा एकच करार करा आणि त्याचे पैसे मोकळेपणाने मागा.

सुरुवात रिसेलर खात्यानेच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्र, ऑपरेटिंग सिस्टिम आणि सुरक्षा दुरुस्त्या मूळ कंपनी पाहते. तुम्हाला डब्ल्यूएचएम या रिसेलरच्या पॅनेलमधून प्रत्येक ग्राहकाला सी-पॅनेलचे (होस्टिंग सांभाळण्याच्या नियंत्रण पॅनेलचे) वेगळे खाते उघडून देता येते. व्हीपीएसचे मासिक भाडे कमी दिसते, पण फायरवॉलपासून मेलच्या तुंबलेल्या रांगेपर्यंत सगळे तुमच्या गळ्यात पडते. त्यातच सी-पॅनेलने २०१९ मध्ये खात्यांच्या संख्येवर शुल्क आकारायला सुरुवात केल्यापासून छोट्या व्यावसायिकाला स्वतःचा परवाना घेणे पूर्वीसारखे परवडत नाही. हेस्टिया, व्हर्च्युअलमिन ही मोफत पॅनेले चांगली आहेत. मात्र रात्री अकराला काही बिघडले तर उत्तर द्यायला तिथे कोणी बांधील नसतो. व्हीपीएस घ्याच, पण शिकण्यासाठी घ्या आणि त्यावर पहिले वर्षभर ग्राहकाचे काहीही ठेवू नका.

रिसेलर योजना निवडताना 'अमर्याद' हा शब्द दिसला की खालच्या बारीक अक्षरांतली आयनोडची मर्यादा शोधा. आयनोडची मर्यादा म्हणजे खात्यात किती फायली ठेवता येतील याची मर्यादा. मोबाइलवर काढलेला एक मोठा फोटो चढवला, की वर्डप्रेस मूळ फोटोखेरीज त्याच्या लहान-मोठ्या सहा-सात प्रती आपणहून तयार करते. स्नेहसंमेलनाचे तीनशे फोटो चढवले, की एका संध्याकाळी दोन हजारांहून अधिक फायली झाल्या! जागा भरपूर शिल्लक असूनही नवीन फाइल चढत नाही आणि शाळेतले शिक्षक म्हणतात, तुमचा सर्व्हर खराब आहे. दुसरी चौकशी क्लाउडलिनक्स आहे का, याची करा. त्यात प्रत्येक खात्याला प्रोसेसर आणि मेमरीची वेगळी मर्यादा घालून दिलेली असते, त्यामुळे एका दुकानदाराच्या हॅक झालेल्या संकेतस्थळापायी बाकीच्यांचा वेग मंदावत नाही. सर्व्हर मुंबईत किंवा नवी मुंबईत असावा. युरोपातल्या सर्व्हरशी प्रत्येक फेरीला शंभर मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो आणि जड पानावर तो जाणवतो.

'९९.९ टक्के अपटाइम' या शब्दांनी हुरळून जाऊ नका. त्याचा अर्थ महिन्याला सुमारे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा, एवढाच. तोच आकडा तुम्ही पुढे ग्राहकाला लिहून देणार असाल, तर भरपाई किती आणि कशी, हेही आधीच ठरवा.

बॅकअपविषयी मात्र हट्टी राहा. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एसबीजी-२ ही इमारत पूर्ण जळाली आणि ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते, अशा काही ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. मूळ कंपनी रोज बॅकअप घेते म्हणून निर्धास्त राहू नये. दुसऱ्या कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या साठवणुकीवर स्वतःची प्रत ठेवावी आणि दर तिमाहीला त्यातले एखादे संकेतस्थळ खरोखर उभे करून पाहावे. उभे करून न पाहिलेल्या बॅकअपवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

टपालपेटी

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण मेलचा विषय राहून गेला, आणि निम्म्याहून अधिक तक्रारी त्याच्याच येतात. रिसेलर सर्व्हरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) अनेकांमध्ये वाटलेला असतो. त्यातल्या कोणा एकाच्या खात्यातून स्पॅम गेले, की तो पत्ता काळ्या यादीत जातो आणि तुमच्या पतसंस्थेची पत्रे सभासदांच्या स्पॅममध्ये पडू लागतात. गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम (पत्र खरोखर त्याच डोमेनकडून आले हे पडताळणाऱ्या नोंदी) आवश्यक केले आहे. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि शिवाय डीमार्क (पडताळणीत नापास झालेल्या पत्राचे काय करायचे हे सांगणारी नोंद) लागते. तुम्ही सगळ्या ग्राहकांसाठी तिन्ही नोंदी पहिल्याच दिवशी करून टाका.

माझा सल्ला याहून पुढचा आहे. ज्यांचा कारभार मेलवर चालतो त्यांचे मेल तुमच्या होस्टिंगवर ठेवूच नका. त्यांना वेगळी सशुल्क मेलसेवा घ्यायला लावा. दोन पैसे कमी मिळतील, पण डोक्याचा ताप वाचेल.

हिशेबनीस_कोल्हापूर

कर आणि कायद्यापुरते लिहितो. सेवा व्यवसायाला महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेल्यावर जीएसटी नोंदणी सक्तीची होते. होस्टिंगवर १८ टक्के दर लागतो. ग्राहकांमध्ये नोंदणीकृत कंपन्या असतील तर त्या तुमच्याकडे जीएसटीचे बिल मागतील, म्हणून काही जण मर्यादेच्या आतच नोंदणी करून घेतात. तसे केलेत, तर परदेशी कंपनीकडून घेतलेल्या सर्व्हरवर रिव्हर्स चार्ज पद्धतीने कर तुम्हालाच भरावा लागतो, हे विसरू नका. दुकाने व आस्थापना कायद्याखाली एकट्याच्या व्यवसायाला ऑनलाइन सूचना देणे पुरते. तिची पोच आणि उद्यम (लघुउद्योग नोंदणीचे) प्रमाणपत्र चालू खाते उघडताना उपयोगी पडतात.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश मात्र बारकाईने वाचा. डेटा सेंटर, व्हीपीएस आणि क्लाउड सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क आणि त्याला दिलेला आयपी पत्ता ही माहिती सेवा संपल्यानंतरही पाच वर्षे जपायची आहे, लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. तुम्ही रिसेलर असलात तरी ग्राहकांना ओळखणारे तुम्हीच आहात. उद्या कोणाच्या खात्यावर बँकेच्या नावाचे बनावट पान सापडले, तर विचारणा तुमच्याकडेच येणार. म्हणून ओळखपत्राची प्रत घेतल्याशिवाय खाते उघडू नये आणि सेवाअटींत खाते तत्काळ थांबवण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवावा.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीवर रिझर्व्ह बँकेचे नियम कडक झाले आहेत आणि परदेशी कंपन्यांची वसुली पुष्कळदा नाकारली जाते. तुमच्या रिसेलर खात्याचे बिल थकले, तर सगळ्याच ग्राहकांची संकेतस्थळे एकदम बंद पडतील. वर्षभराचे पैसे आगाऊ भरता येत असतील तर भरून मोकळे व्हावे.

सांगलीचा_वेबवाला

सर्वांचे मनापासून आभार. रिसेलर खात्याचे पक्के केले आहे आणि पतसंस्थेच्या मेलला हात लावणार नाही. दोन शंका उरल्या. नूतनीकरण चुकू नये म्हणून डोमेन माझ्याच नावावर घ्यावेत का? आणि जुन्या ठिकाणाहून संकेतस्थळ हलवताना मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे येतात असे ऐकले आहे, ते कशाने होते?

टपालपेटी

डोमेन स्वतःच्या नावावर घ्या. ग्राहक पासवर्ड हरवतात आणि नूतनीकरणाची सूचना कोण्या सोडून गेलेल्या कारकुनाच्या मेलवर जाते.

रॅकवाला_ऐरोली

टपालपेटी यांच्याशी इथे माझा मतभेद आहे. डोमेन ही ग्राहकाची मालमत्ता आहे. नोंदणी ग्राहकाच्या नावावर असावी, बिल आणि तांत्रिक संपर्क तुमचा असावा. म्हणजे सूचना तुम्हाला येतात आणि उद्या वाद झाला तरी अडवणुकीचा आरोप होत नाही. 'डॉट कॉम'ची मुदत संपून सवलतीचा काळही उलटला, तर पुढच्या ३० दिवसांत ते सोडवून घ्यायला जबर दंड पडतो. तेव्हा नूतनीकरण महिनाभर आधीच करून टाका आणि पैसे मागाहून मागा.

प्रश्नचिन्हांचे कारण डेटाबेसच्या कॅरेक्टर सेटमध्ये, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या संकेतपद्धतीत, असते. जुना डेटाबेस लॅटिन-१ मध्ये असतो, मजकूर यूटीएफ-८ मध्ये भरलेला असतो आणि निर्यात किंवा आयात करताना मधल्या जोडणीचा सेट चुकतो. अक्षरांच्या जागी युरोपीय चिन्हांची जंत्री दिसत असेल, तर मजकूर बहुधा शाबूत असतो आणि दुरुस्त करता येतो. पण एकदा का प्रश्नचिन्हेच डेटाबेसात साठवली गेली, की त्या प्रतीतून मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. म्हणून आधी जुन्या डेटाबेसचा सेट तपासावा, निर्यात त्यानुसार करावी, नवा डेटाबेस यूटीएफ-८-एमबी-४ मध्ये तयार करावा आणि डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जाते ती नोंद) बदलण्यापूर्वी स्वतःच्या संगणकाच्या होस्ट फाइलमध्ये नवा पत्ता घालून दहा-वीस पाने डोळ्यांनी पाहून घ्यावीत. टीटीएल (ती नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) आदल्या दिवशीच ३०० सेकंदांवर आणून ठेवा. जुने खाते निदान पंधरवडाभर चालू असू द्या, आणि शाळांची संकेतस्थळे दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत हलवा. निकाल आणि प्रवेशाच्या दिवसांत त्यांना हात लावू नका.